फ्लोरा सिरीजच्या तीन बाटल्या, किचनरच्या जड पाण्यात

जनरल हायड्रोपोनिक्सची फ्लोरा सिरीज म्हणजे ग्रो, मायक्रो आणि ब्लूम अशा पातळ खताच्या तीन बाटल्या, आणि घरात गांजाची रोपं लावणाऱ्या कुणीही विचारलं की मी हेच घ्या सांगते. कॅनडात आमच्या ऑन्टॅरिओत ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार रोपं कायदेशीर आहेत (क्युबेकमध्ये चालत नाही, आणि भारतात एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली एक रोपही गुन्हा, तेव्हा तिकडच्यांनी हे टोमॅटो-मिरचीसाठी वाचा, खत तेच चालतं).

एका बाटलीवालं खत सोपं असतं पण त्यात प्रमाण बदलता येत नाही, इथे येतं. नायट्रोजन, कॅल्शियम आणि लोह मुख्यतः मायक्रोमध्ये, ग्रोमध्ये पोटॅश जास्त आणि थोडा नायट्रोजन, ब्लूममध्ये नायट्रोजन शून्य. म्हणजे लाइट १८ तासांवरून १२ वर आणला आणि कळ्या धरायला लागल्या की ग्रो हळूहळू कमी करायचं, ब्लूम वाढवायचं, बास. फुलोऱ्यात नायट्रोजन जास्त झाला तर पानं काळपट हिरवी होऊन टोकं खाली वळतात, ते दिसलं की समजायचं.

आता खरा मुद्दा पाण्याचा, जो दुकानात कुणी सांगत नाही. आमच्याकडे किचनर-वॉटरलूला बरंचसं पाणी जमिनीतलं, भयंकर जड, किटलीत पांढरा थर बसतो. म्हणजे खत घालायच्या आधीच पाण्यात कॅल्शियम भरपूर आहे आणि मीटर लावला तर नुसत्या पाण्याचाच ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) बऱ्यापैकी दिसतो. टोरांटोच्या तळ्याच्या पाण्याचा हिशोब इथे लावला तर पानांची टोकं जळणारच. त्यामुळे बाटलीवरच्या तक्त्याच्या निम्म्याने सुरू करा, रोपाकडे बघून वाढवा, आणि कॅलमॅगची (कॅल्शियम-मॅग्नेशियमची) वेगळी बाटली कुणी गळ्यात मारत असेल तर आधी पाणी मोजा मग ठरवा. आणि हो, घरातल्या सॉफ्टनरचं (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं) पाणी झाडांना अजिबात नको, त्यात सोडियम असतं, बाहेरच्या नळाला सॉफ्टनर लागलेला नसेल तर तिथलं घ्या किंवा आरओचं.

मिसळताना बादलीत पाणी आधी, मग मायक्रो, ढवळायचं, मग ग्रो आणि ब्लूम. बाटल्यांतलं तसंच एकत्र ओतलं तर कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून खाली पांढरा गाळ बसतो आणि तो मुळांना काही मिळत नाही. पीएच सगळ्यात शेवटी, कोकोपीटमध्ये ५.८ ते ६.२ च्या आसपास, मातीत ६ च्या थोडं वर. जड पाण्यात पीएच खाली आणला तरी काही तासांनी परत वर सरकतो, म्हणून ओतायच्या आधी पुन्हा तपासायचाच. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोक घाईने खत वाढवतात, ते नका करू, बहुतेक वेळा लोह पाण्यात असतंच पण पीएच चढल्यामुळे रोपाला घेता येत नाही. खालची जुनी पानं शेवटच्या आठवड्यांत पिवळी पडली तर पडू द्या, ते व्हायचंच.

मीटरबद्दल एक सांगते, पीपीएमवर (क्षार मोजायचा दुसरा आकडा) भांडू नका. १ ईसी एका मीटरवर ५०० दिसतो आणि दुसऱ्यावर ७००, स्केल वेगळी, पाणी तेच. मी ईसीच बघते. स्वस्तातला पेनसारखा पीएच मीटर घेतला होता (दुसऱ्याच कंपनीचा), तो आठवड्याला भरकटायचा, कॅलिब्रेशनचं द्रावण सोबत घ्याच आणि टोक कोरडं ठेवू नका.

माझ्याकडून ५ पैकी ४.५. अर्धा गुण कापला कारण तीन बाटल्या मोजून घालायचा कंटाळा येतो हे खरंच आहे. ब्लूम दिसायला अगदी कोकम सरबतासारखं असतं, घरात लहान मुलं असतील तर बाटल्या कुलपात ठेवा.