गतकाळाच्या मोहातील भय : ‘लास्ट नाइट इन सोहो’

एडगर राइट यांच्या २०२१ मधील या चित्रपटात फॅशनचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला आलेली एलॉइज रात्री स्वप्नात १९६० च्या दशकातील सोहो या लंडनमधल्याच भागात पोहोचते आणि गायिका होऊ पाहणाऱ्या सँडीच्या आयुष्यात गुंतत जाते. ज्या काळाच्या गाण्यांवर आणि कपड्यांवर तिने जीव लावला, त्याच काळात तरुण स्त्रियांचे किती निर्दय शोषण झाले, हे तिला उमगत जाते तो भाग विलक्षण अस्वस्थ करतो. आरशांचा वापर तर अप्रतिम आहे. एकीच्या हालचाली दुसरीच्या प्रतिबिंबात उमटताना अंगावर काटा येतो. उत्तरार्धात मात्र चेहरे पुसलेल्या पुरुषांची भुते इतक्यांदा समोर येतात की भीती बोथट होते. डायना रिग यांची ही अखेरची चित्रपट-भूमिका मनात रेंगाळते.