लिव्हरमधली गाठ: सोडून द्यायची, बघत राहायची की काढायची?

पित्ताचे खडे बघायला सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टमध्ये लिव्हरची गाठ निघावी, असं कोल्हापुरात आता गल्लोगल्ली ऐकू येतं. ‘वेल-डिफाइन्ड हायपरएकोइक लिजन, सजेस्टिव्ह ऑफ हिमँजिओमा’ एवढी एक ओळ असते आणि घराची झोप उडते. डॉक्टर म्हणतात, गाठ साधी आहे. घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, “आज साधी आहे, उद्या बिघडली म्हणजे? काढून टाका, डोक्याला ताप नको.” दोघांच्या मध्ये सापडलेल्या माणसासाठी हे लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगतो. गाठीचं नेमकं नाव कळल्याशिवाय ऑपरेशनची तारीखही घेऊ नये आणि निर्धास्तही होऊ नये. नेहमी भेटणारी नावं तीन: हिमँजिओमा, एफएनएच (फोकल नोड्युलर हायपरप्लाझिया) आणि अडेनोमा. कॅन्सरचा खरा प्रश्न फक्त तिसरीच्या बाबतीत येतो.

एक अट मात्र पहिल्यांदा. पुढचं सगळं बाकीचं लिव्हर निरोगी असेल तरच लागू आहे. हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, दारूने किंवा फॅटी लिव्हरने सिरॉसिस झाला असेल, म्हणजे लिव्हर वण पडून कडक झालं असेल, तर तिथे दिसलेली नवीन गाठ कॅन्सरची नाही हे सिद्ध करावं लागतं. एएफपी ही लिव्हरच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणूनही तिथे सुटका होत नाही. अशा माणसाने हा लेख बाजूला ठेवून लिव्हरच्या डॉक्टरांना गाठावं.

हिमँजिओमा आणि एफएनएच

हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. लिव्हरच्या साध्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त हीच आढळते. एफएनएचचा नंबर दुसरा. त्यात लिव्हरच्याच पेशी एका ठिकाणी दाटून वाढलेल्या असतात आणि मध्ये बऱ्याचदा चांदणीसारखा वण दिसतो. दोन्ही बायकांमध्ये जास्त. दोन्हींचा कॅन्सर होत नाही.

युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. स्कॅनवर ठरावीक चित्र दिसलं, तर या दोन्ही गाठींसाठी पुन्हा पुन्हा तपासण्या करायची गरज नाही, गर्भनिरोधक गोळ्या बंद करायची गरज नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. एफएनएचला अपवाद एवढाच, की लिव्हरच्या रक्तवाहिन्यांचा मूळ आजार असेल तर लक्ष ठेवावं. लग्न ठरलेल्या मुलीच्या रिपोर्टमध्ये हिमँजिओमा निघाला म्हणून दोन्हीकडची माणसं तोंड पाडून बसतात, हे बघून जीव तुटतो. बाळंतपणाला या गाठीची आडकाठी नाही.

हिमँजिओमा काढावा लागतो तो क्वचित. खूप मोठा होऊन दुखायला लागला, जठरावर दाब आला, तर. पण पोट दुखतंय ते गाठीमुळेच, हे ठरवण्याआधी अ‍ॅसिडिटी आणि पित्ताचे खडे तपासून घ्यावेत. नाहीतर गाठ जाते आणि दुखणं तसंच राहतं.

अडेनोमा

इथे थांबून वाचा. अडेनोमा दुर्मिळ आहे, पण जपून वागायचं ते हिच्याशीच. एस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांशी तिचा संबंध १९७३ पासून वैद्यकीय लिखाणात नोंदलेला आहे. आताच्या गोळ्यांत एस्ट्रोजेनचं प्रमाण तेव्हापेक्षा कमी असतं, तरी वर्षानुवर्षं माला-डीसारखी गोळी घेणाऱ्या बाईने ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगावं. वाढलेलं वजन हे दुसरं कारण. तिसरं कारण पुरुषांचं: अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड.

आपल्या गावात हे मोठ्याने बोलायला हवं. तालमीची आणि जिमची हौस इथल्या पोरांच्या रक्तात आहे. खुराक, जोर-बैठका यांनी लिव्हरचं काही बिघडत नाही. पण चार महिन्यांत बॉडी दिसावी म्हणून कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेत असेल, तर अडेनोमाची शक्यता वाढते. आणि पुरुषाच्या अडेनोमाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण बाईपेक्षा बरंच जास्त आहे. घरच्यांसमोर पोरगा इंजेक्शनचं कबूल करणार नाही, म्हणून डॉक्टरांशी त्याला एकट्याला बोलू द्यावं.

धोका किती? प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली, तर शंभर अडेनोमांमागे चार-पाचांत कॅन्सर आढळतो. त्यातही हे रुग्ण बहुतेक ऑपरेशनपर्यंत पोचलेले, म्हणजे मोठ्या गाठीचे. पाच सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीत कॅन्सर विरळाच. मोठ्या गाठीचा आणखी एक धोका म्हणजे आत रक्तस्राव. पोटात अचानक जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर सकाळची वाट न बघता कोल्हापूरचं सरकारी सीपीआर हॉस्पिटल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठावं.

सगळे अडेनोमा सारखे नसतात. चरबीने भरलेला प्रकार बहुधा शांत असतो. बीटा-कॅटेनिन नावाच्या जनुकात बदल झालेला प्रकार कॅन्सरकडे सगळ्यात जास्त झुकतो. त्या २०१६ च्या सूचना म्हणून असं सांगतात: पुरुषाचा अडेनोमा कितीही लहान असला तरी काढावा, बीटा-कॅटेनिनचा बदल सिद्ध झाला तर बाईचाही काढावा. बाकी बायकांनी गोळ्या बंद कराव्यात, वजन उतरवावं, सहा महिने थांबून पुन्हा स्कॅन करावा. तेव्हाही पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल, किंवा वाढत असेल, तर ऑपरेशन. लहान राहिली किंवा आक्रसली, तर वर्षाने पुन्हा बघायचं. सहा महिन्यांत गाठ खरोखर लहान झालेली दिसते, म्हणून ही सवलत घाईत वाया घालवू नये. गोळीऐवजी तांबी किंवा निरोध आहेच. दिवस जायच्या आधी मात्र गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

कोणत्या तपासणीवर पैसा घालायचा

सोनोग्राफी गाठ शोधते, नाव मात्र दर वेळी पक्कं सांगत नाही. निरोगी लिव्हरमध्ये हिमँजिओमा पांढरा ठिपका दिसतो, फॅटी लिव्हरमध्ये तोच काळपट दिसतो आणि गोंधळ होतो. मधुमेह आणि सुटलेलं पोट आपल्याकडे काही कमी नाही.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनवर चमकणारं औषध, शिरेतून देऊन तीन टप्प्यांत केलेला सीटी बघण्यासारखा असतो. हिमँजिओमात औषध आधी कडेला तुकड्या-तुकड्यांनी चमकतं आणि मग हळूहळू आत सरकत गाठ भरून काढतं. एफएनएच पहिल्याच टप्प्यात सगळी एकदम उजळते, वण तेवढा काळा राहतो. अडेनोमाही लवकर उजळतो, म्हणून सीटीवर या दोघींची गल्लत होते. ती सुटते लिव्हरसाठीचं खास कॉन्ट्रास्ट वापरून केलेल्या एमआरआयने. शेवटच्या टप्प्यात एफएनएच ते औषध धरून ठेवते, अडेनोमा बहुतेक वेळा सोडून देतो. दर तीन महिन्यांनी घाबरत सोनोग्राफी करण्यापेक्षा असा एकच नीट एमआरआय मला परवडणारा वाटतो.

बायोप्सी एमआरआयनंतरही नाव ठरलं नाही तरच. सुई लागली की गाठ बिघडते, ही समजूत खोटी आहे. साध्या गाठीचा सुईने कॅन्सर होत नाही. पण अडेनोमा आणि हिमँजिओमा रक्ताने भरलेले असतात, म्हणून हे काम सरावाच्या हातांनीच व्हावं. मेंढ्या आणि कुत्र्यांच्या सहवासातल्या धनगर घरांसाठी एक जास्तीची सूचना: पाण्याची गाठ हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्यांकडून येणाऱ्या जंताची, असू शकते. ती कॅन्सरची नसते, पण शंका असताना तिला सहज सुई लावली तर जीवघेणी अ‍ॅलर्जी उसळू शकते.

दुसरं मत घ्यायला मिरजेला किंवा पुण्याला निघालात, तर नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. स्कॅनची सीडी, हिपॅटायटिस बी आणि सीचे रिपोर्ट, घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शनांची नावं आणि घरात पडलेली जुनी सोनोग्राफी बरोबर घ्या. पाच वर्षांपूर्वीच्या कागदावर तीच गाठ त्याच मापाची सापडली, तर डॉक्टरांना ऑपरेशनचा विचार करताना तो कागद फार उपयोगी पडतो.