ओट्यामागच्या जुन्या टाइल्स: फोडायच्या की त्यांच्यावरच नव्या लावायच्या?

सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाइल्स पिवळट झाल्या, सांध्यांत काळं बसलं, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सगळं फोडा, काय तो त्रास एकदाच. दुसरा म्हणतो, आहे त्यावरच चिकटवा. गवंड्याला विचारलं तर तो फोडायला सांगतो, कारण त्याचा हात सिमेंटवर बसलेला. हार्डवेअरवाला चिकटवा म्हणतो, त्याला अॅडेसिव्हची गोणी खपवायची असते. दोघांनाही जरा बाजूला ठेवा आणि खिशातून एक नाणं काढा.

प्रत्येक टाइल चार कोपऱ्यांवर आणि मधोमध वाजवा. खणखणीत वाजली तर मागे माल भरलेला आहे. बद्द वाजली तर मागे पोकळी आहे. पूर्वी टाइलच्या मागे सिमेंटचा गोळा थापून ती भिंतीवर दाबायचे, त्यामुळे एखादा कोपरा बद्द वाजतोच, त्याला घाबरू नका. पण अख्खी टाइल बद्द वाजली तर तिच्यावर नवं ओझं टाकू नका. माझ्याकडे 15 फूट लांब आणि 2 फूट उंच पट्टा होता. त्यातल्या 120 टाइल्सपैकी 9 बद्द निघाल्या, त्याही विखुरलेल्या. तेवढ्याच उचकटून खड्डे मसाल्याने भरून घेतले. सलग आठ-दहा बद्द लागल्या असत्या तर सरळ छिन्नी घेतली असती.

एका बाबतीत मात्र नाणं वाजवायचीही गरज नाही. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल आणि सांध्यांतून पांढरा खार फुटत असेल, तर फोडाच. ओल झाकली म्हणून जात नाही.

फोडण्याचा मोठा फायदा म्हणजे भिंत पुन्हा हातात येते. ओळंब्यात नसेल तर सरळ करता येते, जुना पाइप बदलता येतो, नवा पॉइंट काढता येतो. पण नवख्याने हे काम स्वतः करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ओट्याची भिंत बहुधा चार इंची असते. हातोडा जरा जास्त बसला की विटा हलतात, शेजाऱ्याच्या बाजूचा गिलावा सुटतो आणि प्लॅस्टिकचा पाइप कुठे दडलाय हे तो फुटल्यावरच कळतं. धूळ हॉलपर्यंत जाते, राडारोड्याच्या गोण्या जिन्यावरून उतरवाव्या लागतात. मग एकास चारचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) नवा गिलावा आणि त्यावर किमान सात दिवस पाणी. शिवाय तो वाळायचा वेळ. एवढे दिवस पोळ्या बाहेरून आणायची तयारी ठेवा.

टाइलवर टाइल लावायला तोडफोड नाही, पण तयारीतली कुसर सगळी इथेच लागते. शेगडीमागे वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा चिकटा असतो. मी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा घासलं. तपासायची युक्ती सोपी आहे. भिंतीवर पाणी मारा. ते थेंब थेंब होऊन उभं राहिलं तर तेल अजून आहे, सलग पातळ पसरलं तर भिंत स्वच्छ. मग टाइलची चकाकी मोडायची. जाड पॉलिश पेपरने हात भरून येतात, ग्राइंडर भाड्याने मिळतो तो आणा. तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. जात्याला टाकी लावतात त्याच कारणासाठी हे करायचं: गुळगुळीत पृष्ठभागाला पकड नसते. सांधे खरवडा, धूळ ओल्या फडक्याने टिपा, वर पकड वाढवणाऱ्या प्राइमरचा हात. अॅडेसिव्ह घेताना गोणीवर ‘टाइल ऑन टाइल’ छापलेलं आहे का ते पाहा, साधं स्वस्तातलं इथे चालत नाही. आणि सिमेंटच्या कामासारख्या नव्या टाइल्स पाण्यात भिजवू नका.

यातली खोट जाडीत आहे. नवी टाइल आणि अॅडेसिव्ह मिळून भिंत साधारण 12 ते 15 मिलिमीटर पुढे येते. ओट्यावर फरक कळत नाही, पण खिडकीच्या चौकटीशी कडा उघडी दिसते. सहा फुटी सरळ पट्टी भिंतीला लावून पाहा. मागे पाच मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर ती अॅडेसिव्हने भरायचा मोह टाळा. तशी भिंत गिलाव्यानेच सरळ होते, म्हणजे गाडी परत फोडण्यावर येते.

भिंतीवर टाइल नसून रंग असेल तर पर्यायच उरत नाही. पुट्टी आणि डिस्टेंपर गिलाव्यापर्यंत खरवडायचे, ऑइल पेंटही काढायचा आणि छिन्नीने बोटभर अंतरावर टोचे मारायचे. पुट्टीवर लावलेली टाइल पुट्टीसकट खाली येते.

माझी भिंत ओलीची नव्हती, जवळपास सरळ होती, म्हणून मी चिकटवली. शनिवार-रविवार घासण्यात गेला, पुढच्या शनिवारी टाइल्स लागल्या. आईचा गॅस दोनच दिवस गॅलरीत होता आणि त्याबद्दलही तिने बोलून दाखवलंच. चुकलं ते इतकंच: स्विचबोर्डाचे लांब स्क्रू आणि नळासाठी एक्स्टेन्शन निपल (नळ पुढे आणणारा जोडतुकडा) आधी आणून ठेवले नव्हते. भिंत पुढे आल्यावर जुन्या स्क्रूंना पकड मिळेना आणि रविवारी दुकान बंद. दोन दिवस बोर्ड वायरींवर लोंबकळत होता, स्वयंपाकघराचा तेवढा स्विच मेन बोर्डावरून पाडून ठेवला होता आणि मिक्सर हॉलमध्ये फिरत होता.