खाऱ्या हवेतला मायक्रोवेव्ह: दोन पावसाळ्यांचा अनुभव

दोन वर्षांपूर्वी चवथीच्या तोंडावर आम्ही गोव्यातल्या रायबंदरच्या घरी २८ लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह ओव्हन आणला. दुकानात सोलो, ग्रिल आणि कन्व्हेक्शन असे तीन प्रकार मांडलेले होते. सोलोमध्ये केवळ सूक्ष्मलहरींनी अन्न तापते, ग्रिलमध्ये वरून भाजणारी कॉइल असते आणि कन्व्हेक्शनमध्ये हीटर व पंखा यांच्या साहाय्याने गरम हवा खेळवली जाते. घरात केक करण्याचा उत्साह असल्यामुळे आम्ही तिसरा प्रकार निवडला. दोन वर्षांत केक झाले सहा आणि अन्न गरम करण्याचे काम झाले रोज तीन वेळा, यावरून निवड कितपत शहाणपणाची होती हे वाचकांनी ठरवावे.

पहिली परीक्षा हुमणाची, म्हणजे खोबऱ्याच्या रसातल्या माशाच्या आमटीची, झाली. आदल्या दिवशीचे बांगड्याचे हुमण चिनी मातीच्या वाटीत घालून मी पूर्ण शक्तीवर तीन मिनिटे लावले. दुसऱ्या मिनिटाला आत फट्‌ असा आवाज आला, कारण कातडीखाली कोंडलेल्या वाफेने बांगड्याचा तुकडा फुटला होता आणि ओव्हनच्या छतावर केशरी शिंतोडे उडाले होते. वाटीच्या कडेचा रस उकळून फाटला होता, चोथा वेगळा आणि पाणी वेगळे, आणि मधला रस मात्र कोमट होता. सासूबाईंनी वाटीला हात लावला, तो झटकन मागे घेतला आणि म्हणाल्या, ‘‘गो, वाटी तापली, हुमण थंडच.’’

या एका वाक्यात यंत्राचे दोन दोष आले होते, पण त्यांतला एक यंत्राचा नव्हता, वाटीचा होता. काही मातीची आणि चिनी मातीची भांडी स्वतःच लहरी शोषून घेतात आणि अन्नाच्या आधी तापतात. त्याची परीक्षा सोपी आहे. रिकामी वाटी आणि शेजारी पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवून एक मिनिट चालवावे. पाणी कोमट राहून वाटीच तापली असेल, तर ती या कामाची नाही. दुसरा दोष लहरींच्या स्वभावातला आहे. या ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्‌झ आणि लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. आतल्या धातूच्या भिंतींवरून त्या परावर्तित होऊन एकमेकींत मिसळतात, तेव्हा काही जागी जोर वाढतो आणि काही जागी तो नाहीसा होतो. काचेची ताटली फिरते ती एवढ्याचसाठी. शिवाय लहरी अन्नात काही सेंटिमीटरच शिरतात. त्यापुढची उष्णता हळूहळू आत झिरपावी लागते.

म्हणून माझ्या मते या यंत्रातले सर्वांत मोलाचे बटण वेळेचे नसून शक्तीचे आहे, आणि बहुतेक घरांत त्याला कोणी हातच लावत नाही. आता मी हुमण ५० टक्क्यांवर तीन मिनिटे लावते, मध्ये एकदा ढवळते, वर सैल झाकण ठेवते आणि शेवटी एक मिनिट तसेच राहू देते. रस फाटत नाही. आमच्या साध्या यंत्रात ५० टक्के म्हणजे मंद आच नव्हे: लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन पूर्ण जोराने चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. कान देऊन ऐकले तर घरघर बंद होऊन नुसता पंखा ऐकू येतो आणि थोड्या वेळाने खट्‌ करून घरघर परत सुरू होते. ज्या यंत्रात इन्व्हर्टर, म्हणजे मॅग्नेट्रॉनची वीज कमी-जास्त करणारे सर्किट, असते त्यात शक्ती खरोखरच कमी करता येते. पुन्हा घेण्याची वेळ आली तर मी केकचा मोह सोडून तेच घेईन.

शक्तीच्या या बटणाची खरी किंमत १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कळते, कारण तेव्हा फ्रीझरमधल्या इसवणावर, म्हणजे सुरमईवर, भिस्त असते. बर्फ लहरी फारच कमी शोषतो आणि पाणी भरपूर शोषते. त्यामुळे घाई केली की कडेचा बर्फ आधी वितळतो, तिथले पाणी सगळी उष्णता ओढून घेते आणि कडा शिजून पांढरी पडते, तरी मध्य दगडासारखाच राहतो. ३० टक्क्यांवर दोन मिनिटे, मग पाच मिनिटे विश्रांती, तुकडी उलटून पुन्हा दोन मिनिटे, असे केले तर ती तळण्याजोगी होते. मग मात्र ती लगेच तळावी, पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नये.

उडदाचा पापड ४० ते ५० सेकंदांत तेलाविना सुरेख फुलतो. पावसाळ्यात मऊ पडलेला चिवडा अर्ध्या मिनिटात सुकतो आणि निवल्यावर कुरकुरीत होतो. पोई, म्हणजे आमचा कोंड्याचा गोल पाव, मात्र इथे नेऊ नये: पंधरा सेकंदांत लुसलुशीत होते आणि ताटात येईपर्यंत चामड्यासारखी चिवट बनते. तिला तवाच हवा. काजूंच्या बाबतीतही मी फसले. वरून पांढरेशुभ्र दिसणारे गर फोडल्यावर आतून करपलेले निघाले. ऑटो कुकच्या यादीत पनीर आणि ढोकळा आहेत, पण खोबऱ्याच्या रसातल्या माशासाठी एकही बटण नाही. गोव्यात यंत्र विकणाऱ्यांनी याचा थोडा विचार करावा.

आता तक्रारीकडे येते. पहिल्या पावसाळ्यानंतर दाराच्या खालच्या कडेला, जिथे वाफेचे पाणी साचते, तिथला रंग फुगला आणि त्याखाली गंज दिसला. मांडवीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत हे होणारच, पण विकताना याविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता. पुढच्या वर्षी आत ठिणग्या उडू लागल्या. सेवाकेंद्राचा माणूस नऊ दिवसांनी आला आणि मॅग्नेट्रॉन बदलावा लागेल असे सांगून मोठा आकडा लिहून गेला. हा यंत्रातला महागडा भाग. मूळचा रडारसाठीचा, आणि १९४५ मध्ये पर्सी स्पेन्सर या अमेरिकी अभियंत्याने स्वयंपाकाला जुंपलेला. गल्लीतल्या मेकॅनिकने मात्र आतल्या उजव्या भिंतीवरचा पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा तुकडा काढून दाखवला. त्यावर हुमणाचे तेच जुने शिंतोडे जळून काळे झाले होते आणि ठिणग्या तिथूनच येत होत्या. त्याने नवा अभ्रक कात्रीने मापात कापून बसवला, आणि तेव्हापासून यंत्र बिनतक्रार चालू आहे.

विजेचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. १२०० वॅट खेचणारे यंत्र तीन मिनिटे चालले तर ०.०६ युनिट जळते. मात्र जोडणी १६ अँपिअरच्या सॉकेटलाच हवी. जुन्या घरातल्या छोट्या प्लगवर ते चालवू नये. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की तीन मिनिटांचे काम चार मिनिटांवर जाते, हेही हिशेबात धरावे.

रात्री झाकपाक झाली की दाराची खालची कड कोरड्या फडक्याने पुसून दार तासभर उघडे ठेवते. गंज होता तेवढाच आहे. सासूबाई आता आपल्या चहाचे दूध स्वतःच ४० सेकंद लावतात, स्टीलच्या पेल्यातून काचेच्या पेल्यात ओतून, आणि बाहेर काढल्यावर अजूनही आधी पेल्यालाच हात लावून पाहतात.