म्युनिक की डेन्व्हर?

म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला निवडीची डोकेदुखी नाही. 1810 पासूनच्या या जत्रेत फक्त शहराच्या हद्दीतल्या सहा ब्रुअरींची बिअर मिळते आणि मोठ्या तंबूत बहुधा एकाच ब्रुअरीची. मैदानात प्रवेश फुकट, पण तंबूत बाकावर जागा मिळाली तरच बिअर, तीही एक लिटरच्या काचेच्या मगमध्ये. ही बिअर साधारण सहा टक्के अल्कोहोलची असते, त्यामुळे दुसरा मग मागवताना जरा विचार करावा. शेजारचे अनोळखी लोक मात्र तोवर गळ्यात गळा घालून बाकावर उभे असतात. त्या सहांपैकी ऑगस्टिनर ब्रुअरीच्या तंबूत बिअर अजूनही लाकडी पिंपांतून येते; माझ्या मते जायचं तर तिथेच.

डेन्व्हरचा ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल 1982 मध्ये शेजारच्या बोल्डर गावात सुरू झाला. इथे तिकीट काढावं लागतं आणि एकेका बिअरचा घोट जेमतेम 30 मिलिलिटरचा. आंबट, कडू, फळं घातलेली, पिंपात मुरवलेली, असं चाखत फिरायचं. गळ्यात खारट प्रेट्झेलच्या माळा घालून लोक हिंडतात (मधूनमधून त्याच खातात!). पदकांसाठी बिअरची स्पर्धाही असते, निवड परीक्षक करतात. गप्पांना निवांतपणा नाही, रांगाच रांगा.

मित्रांचा घोळका असेल तर म्युनिक. एकटे असाल आणि पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत बसून हॉप्सवर (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांवर) वाद घालणारे असाल, तर डेन्व्हरचं तिकीट काढा.