पाच महिने पायीच: बुजऱ्या घोडीसोबत ग्राउंडवर्कचा अनुभव

माझी घोडी नऊ वर्षांची. मोरकी (डोक्यात अडकवायचा साज) हातात दिसली की कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवायची. खोगिराच्या वाद्या वाजल्या तरी अंग ताठ. पहिले पाच महिने मी तिच्यावर बसलेच नाही. रोज पंधरा मिनिटं दोर घेऊन तिच्याशेजारी पायीच काम केलं, यालाच ग्राउंडवर्क म्हणतात. आता आठ महिने झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात करण्याआधी पशुवैद्यांकडून दात, पाठ, खूर तपासून घ्या. घोड्याचे दात वर्षानुवर्षं वर येत राहतात आणि चावून झिजतात. झीज सारखी झाली नाही की वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होतात आणि गालाला लागतात. हिचं तेच झालं होतं. कडा घासून घेतल्यावर ती डोक्याला हात लावू द्यायला लागली. या सुधारणेचं श्रेय ग्राउंडवर्कला देऊ नये.

साहित्य म्हणजे मोरकी आणि 12 फुटी दोर, बस. दोरीची गाठींवाली मोरकी मी दोन महिने वापरली आणि सोडली. तिचा दाब बारीक जागेवर पडतो, नवख्या हातात तो टोचतो. रुंद पट्ट्याच्या मोरकीने काहीच अडलं नाही. दोरीची मोरकी वापरणारच असाल तर ती घालून घोडा बांधू नका, कुरणात मोकळा सोडू नका. कुठे अडकली तर ती तुटत नाही.

खरी गोष्ट ढील देण्यात आहे, आणि ती कळायला मला सहा आठवडे लागले. मागे सरकायला शिकवत होते. दोर हलकेच हलवायचा आणि ती पूर्ण पाऊल मागे टाकेपर्यंत हलवतच राहायचा, असं माझं चाललेलं. ती दिवसेंदिवस जास्तच धसकत होती. पागेतले काका बघत उभे होते. म्हणाले, “ताई, तिनं मघाशीच दिलं की. तुम्ही सोडलं नाही.” मग नीट पाहिलं. पाऊल उचलायच्या आधी तिचं वजन मागच्या पायांवर जात होतं, छाती जेमतेम बोटभर मागे रेलत होती. तेवढ्यावरच हात सैल सोडला. ती थांबली, श्वास सोडला, मान खाली केली. घोड्याला दाबातून उत्तर सापडत नाही, दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी सापडतं. मी सेकंदभर उशीर केला की तिच्यासाठी उत्तरच बदलत होतं.

अनोळखी वस्तूंची भीती घालवायला ताडपत्रीवर महिना गेला. आधी टॉवेलएवढी घडी, तिच्यापासून वीस पावलांवर. तिचे कान टवकारले की तिने वळायच्या आत आपणच वळून परत जायचं. डावीकडून जमलं की सगळं उजवीकडून पुन्हा करायचं, कारण एका बाजूने ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूने तिला नवी वाटू शकते. एक दिवस तिने नाक खाली नेलं, तिच्याच फुत्काराने ताडपत्रीची कड फडफडली, घोडी दचकून उडाली. आणि परत येऊन तिथेच नाक टेकवलं. मी काही केलं नव्हतं, दोर ढिला होता एवढंच.

चौथ्या महिन्यात मात्र मी हाव केली. वारा सुटलेला असताना ताडपत्री आणि छत्री एकाच दिवशी. एकेकटी भीती ती पेलत होती, तिन्ही एकावर एक चढल्या आणि ती उधळली. दोर तळव्यातून ओढला जाऊन कातडी सोलली गेली, आणि आम्ही दोन आठवडे मागे गेलो. हातमोजे घालाच, आणि दोर कधीही हाताला गुंडाळू नका.

आणखी एक. गप्प उभी म्हणजे शांत, असं समजू नका. नाकपुड्या आवळलेल्या, डोळ्यावर सुरकुती, श्वास रोखलेला, हे सगळं गप्प उभ्या घोडीतही असतं. ओठ चाटणं, चावल्यासारखं करणं म्हणजे “समजलं” असं मी धरून चालले होते. बहुतेकदा तो ताण ओसरल्याचा इशारा असतो, म्हणजे क्षणापूर्वी ताण होता. आता तो दिसला की मी पुढचं काही मागत नाही. मान पाठीला मिळते त्या उंचवट्यावर खाजवते. घोडे एकमेकांना तिथेच कुरवाळतात, आणि तिथे खाजवल्याने नाडी मंदावते हे संशोधनातही दिसलं आहे. मोठ्या घोड्याची विश्रांतीतली नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44. मोरकी घालताना हिची आधी 60च्या वर जायची, आता 40च्या आसपास राहते.

लवकर स्वारी हवी असेल तर ही पद्धत तुम्हाला जाचेल. मी आता दहा मिनिटं, ती सावकाश चालत असताना बसते, त्यापुढे नाही. मागून वेगाने काही आलं की ती अजून गर्रकन फिरते. त्यासाठी सध्या एक जण चाकाची ढकलगाडी घेऊन पुढे जातो आणि आम्ही मागून जातो. भीती पळतेय आणि आपण तिच्या मागे आहोत, हे तिला आवडतं. काल ती गाडीच्या दोन हातांवर पोचली होती. पुढच्या आठवड्यात गाडी शेजारून नेऊ. मागून न्यायला अजून वेळ आहे.