शिवाजी पार्कचा ताई ची वर्ग आणि शनिवारच्या ताओ गप्पा

शिवाजी पार्कला सकाळी साडेसहाला जो ताई चीचा, म्हणजे सावकाश हालचालींच्या चिनी व्यायामाचा वर्ग भरतो त्याबद्दल ग्रुपवर बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून नीट लिहितेय. जा, नक्की जा. पण महिन्याभरात वजन उतरवायचंय किंवा शुगरच्या गोळ्या बंद करायच्यात म्हणून जाणार असाल तर तिथल्या मॅडमच तुम्हाला परत पाठवतील. पहिल्याच दिवशी त्या सांगतात, डॉक्टरांची औषधं चालू ठेवा, इथे त्यांना पर्याय मिळत नाही. मला हे फार आवडलं, कारण त्याआधी उपनगरातल्या एका वेलनेस सेंटरमध्ये मी ताओच्या (जुन्या चिनी विचारातली निसर्गाची वाट) नावाखाली डिटॉक्सचं पॅकेज, क्रिस्टल आणि कसलासा काढा असं सगळं माझ्या गळ्यात मारताना बघितलंय.

वर्ग तसा साधा आहे. चार दिवस फक्त व्यायाम, शनिवारी व्यायाम झाला की कट्ट्यावर बसून अर्धा-पाऊण तास गप्पा. फी महिन्याला दीड हजार, ज्येष्ठांना हजार. पावसाळ्यात जवळच्या एका हॉलमध्ये भरतो, तिथे जागा कमी पडते आणि हात पसरले की शेजारच्याला लागतात. मैदानात उन्हाळ्यात लाल माती उडते, दम्याचा त्रास असेल तर मास्क ठेवा जवळ.

सुरुवात नुसतं उभं राहण्याने होते. पाय खांद्याइतके लांब, गुडघे किंचित सैल, हात छातीसमोर गोल, आणि बस, उभं राहायचं. दोन मिनिटांत मांड्या भरून येतात. मॅडम मागून येऊन खांद्यावर दोन बोटं टेकवतात, बोलत काहीच नाहीत, आणि तेव्हा लक्षात येतं की खांदे कानापर्यंत चढलेले होते, मग ते आपोआप खाली येतात आणि श्वास पोटापर्यंत जातो. मग आठ हालचालींचा एक जुना चिनी व्यायामप्रकार आणि त्यानंतर 24 हालचालींचा ताई चीचा संच, जो 1956 मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने सगळ्यांना जमावा म्हणून सोपा करून बसवला. मॅडमचा एकच हट्ट असतो, जेवढं जमतंय त्याच्या सत्तर टक्केच करा. आपल्या मुंबईकरांना हे सगळ्यात जड जातं बघा, आठ-सत्तावीसची फास्ट पकडायची सवय लागलेल्या अंगाला ताकद शिल्लक ठेवून हात हलवायचा म्हणजे काय ते कळायलाच वेळ लागतो.

ज्येष्ठांच्या रांगेत पार्किन्सन्सचे एक काका आहेत, त्यांच्या मुलीने चौकशी करूनच त्यांना आणलं. 2012 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 195 पार्किन्सन्स रुग्णांवरचा अभ्यास आला होता, त्यात सहा महिने आठवड्यातून दोनदा ताई ची करणाऱ्यांचा तोल दुसरे व्यायाम करणाऱ्या दोन गटांपेक्षा चांगला राहिला. आजार बरा झाला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, आणि मॅडमही तसं म्हणत नाहीत.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट शनिवारची. लाओत्झू या जुन्या चिनी विचारवंताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ताओ ते चिंग या पुस्तकाची 81 छोटी प्रकरणं आहेत, त्यातलं एखादं घेऊन बोलायचं, कधी च्वांगत्झू या दुसऱ्या ताओ विचारवंताची गोष्ट. त्यातला तो बैल कापणारा आचारी मला फार भावला. त्याचा सुरा 19 वर्षं वापरूनही नव्यासारखा, कारण तो हाडावर घाव घालतच नाही, सांध्यातल्या फटीतून पातं सरकवतो. आणि गुंतागुंतीची जागा आली की तो थबकतो, नजर तिथेच ठेवतो, हात एकदम हळू करतो. मी क्लेम्सच्या डिपार्टमेंटला काम करते, मार्च एंडिंगला टेबलावर फायलींचा ढीग असतो तेव्हा मला तो हळू होणारा हात आठवतो आणि खरंच फरक पडतो, सगळं एकदम ओढत बसण्यापेक्षा जी फाईल अडलीय तिच्यापाशी थांबून बघितलं जातं.

एका शनिवारी एकीने जरा चिडूनच विचारलं, घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, जोर लावू नका हे आम्हाला कसं परवडणार? मॅडम म्हणाल्या, अगं लाओत्झू पाण्याचं उदाहरण देतो, पाणी काम सोडून बसतं का? दिवसभरातलं नेमकं कुठे तू ढकलतेयस तेवढं बघ. पुढच्या शनिवारी ती सांगत होती की सकाळी नऊच्या ठोक्याला भरवायचा हट्ट सोडला, आता सासूबाई स्वतःच तासाभराने मागतात, बाकी काम तेवढंच आहे पण त्या वेळची रोजची रडारड थांबली. आम्ही सगळ्याजणी गप्प ऐकत होतो. होलिस्टिक वेलनेस वगैरे जे बोर्डावर लिहिलेलं असतं ते हे असावं असं मला मनापासून वाटतं, घरातल्या एका तासाचा ताण उतरणं.

एक काका दरवेळी म्हणतात, हे तर आपल्या संतांनी सांगितलंच आहे. मॅडम हसून मान्य करतात, पण हेही सांगतात की वारकऱ्याला विठोबा आहे, लाओत्झूच्या ताओला हाक मारता येत नाही. ताओ धर्मात पुढे देव, मंदिरं, पुजारी सगळं आलं, अमर व्हायला पारा आणि हिंगूळ घातलेली औषधं घेऊन चीनच्या तांग घराण्यातले काही सम्राट दगावले असं इतिहासकार सांगतात, तेही त्या लपवत नाहीत. असा शिकवणारा माणूस मिळणं सोपं नाही.

खटकलेलं एवढंच की नव्या माणसाला हालचालींची चिनी नावं डोक्यावरून जातात, मराठीत एक छापील कागद दिला तर बरं होईल, मी मॅडमना तसं बोललेही आहे. आणि बॅच मोठी होत चाललीय, पंचविसाच्या वर माणसं झाली की मागच्या रांगेकडे लक्ष जात नाही, त्यामुळे सव्वासहालाच पोचा आणि पुढे उभे राहा. सपाट तळव्याचे बूट घाला, जाड सोलच्या स्पोर्ट्स शूजमध्ये तोल कळत नाही. पहिला दिवस नुसता बघायला बसू देतात, पैसे घेत नाहीत, तर तो दिवस शनिवारचाच निवडा.